धावड्याचा डिंक

डोंगराला अजून पायवाटही नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका धावड्याच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. ढोलीला भेग पडली की झाड डिंक सोडून ती बुजवायचं. एका उन्हाळ्यात झाड वाळलं.

टेहळी माशी म्हणाली, "राणीसाहेब, झाड मेलंय. आता भेग बुजणार नाही. मी जांभळाची ढोली पाहून आलेय, चला."

"मध थांबलाय का? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला?" राणी म्हणाली. "उलट बरंच झालं, पंखांना डिंक चिकटत नाही."

टेहळी माशी नव्या ढोलीची वाट नाचून दाखवत राहिली. कुणी उठलं नाही.

मग भेग पडली. मुंग्या आत शिरल्या आणि पिल्लं ओढून नेऊ लागल्या.

"धावडोबा, डिंक सोडा!" राणी ओरडली.

भेगेतून आणखी मुंग्या आल्या.