खेकड्याचे दगडी घर आणि खणणारी कोळंबी

एका समुद्रकिनाऱ्यावर एक खेकडा राहत असे. चालायला तिरका, पण कामाला सरळ. त्या किनाऱ्यावर कुणा माणसाने टाकून दिलेली मासे पाळायची मोठी काचेची टाकी खडकांत पक्की रुतून बसली होती. भरतीला ती खाऱ्या पाण्याने काठोकाठ भरे. आत तळाला वाळू, बाकी सगळे मोकळे. या टाकीत एक मासोळी नुकतीच राहायला आली होती. मागच्या खेपेस तिची सगळी पिल्ले बगळ्याने उघड्यावर टिपली होती. आता पौर्णिमेला ती पुन्हा अंडी घालणार होती. ती रडत म्हणाली, "खेकडेदादा, मला दगडांचे घर बांधून द्या. या वेळी एक तरी पिल्लू वाचू दे." मुलांनो, पाण्यात मासोळीचे अश्रू कुणाला दिसणार? पण खेकड्याला ते दिसले.

"घर झाले म्हणून समजा!" खेकडा म्हणाला. भरतीचे पाणी पोचत नाही अशा जागेवरून त्याने वर्षानुवर्षे वाळलेले, भोकाभोकांचे दगड निवडून आणले. पण ते टाकीत न टाकता त्याने एकेक भोक नांगीने कोरून साफ केले आणि सगळे दगड शेजारच्या डबक्यात बुडवून ठेवले. रोज भरती डबक्याचे पाणी बदलून जाई, रोज ओहोटीला खेकडा तिथे जाऊन वास घेई.

"दगड तो दगड! त्याला इतक्या आंघोळी कशाला?" मासोळी कुरकुरली.

"त्याच्या पोटात मेलेले किडे आहेत, सडका पाला आहे. ती घाण डबक्यात सुटली तर फक्त डबके नासेल, टाकीत सुटली तर तुमची पिल्ले मरतील," खेकडा म्हणाला. दहाव्या दिवशी पाण्याला वास येईना, तेव्हाच त्याने दगड उचलले.

एका सकाळीतच त्याने टाकीतल्या वाळूवर देखणे उंच घर रचले. मासोळी आनंदाने आत शिरणार, तोच तो म्हणाला, "थांबा! आधी एक पाहुणी येऊन जाऊ दे." आणि त्याने किनाऱ्यावरची सर्वांत खोडकर कोळंबी आणून टाकीत सोडली. वाळू दिसली की खणायची, एवढेच तिला ठाऊक. जित्याची खोड ती! संध्याकाळपर्यंत तिने दगडांखालची वाळू उपसली आणि सगळे घर धाडकन कोसळले.

"अहो, हा तर आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात!" मासोळी ओरडली. "पौर्णिमा चार दिवसांवर आली, आता माझ्या पिल्लांचे काय?"

खेकडा मुळीच खजील झाला नाही. "आज पडले ते उत्तम झाले. आज आत कोणी नव्हते," तो म्हणाला आणि कामाला लागला. त्याने काचेचा तळ उघडा पडेपर्यंत वाळू बाजूला सारली. सर्वांत जड, सपाट दगड थेट तळावर बसवले, त्यांच्या खाचांत वरचे दगड अडकवले. पाणी खेळावे म्हणून चहूकडे काचेपासून अंतर सोडले, आणि दारे ठेवली फक्त आपल्या नांगीएवढी. वाळू पसरली ती सगळ्यांत शेवटी. मग तो कोळंबीला म्हणाला, "खणा आता, मन भरेपर्यंत!" कोळंबी दोन दिवस खणत राहिली. दगड तसूभरही हलला नाही. "हरले बाई!" ती म्हणाली आणि तिथेच बीळ करून राहिली.

पौर्णिमेला मासोळीने अंडी घातली, काही दिवसांत पिल्ले बाहेर पडली, आणि वास लागल्यासारखा बगळाही आला. तो थेट सर्वांत वरच्या दगडावर उतरला. त्याने पाय आपटले, अंगाचा सगळा भार टाकला, दारांत चोच खुपसून पाहिली. खाली कोळंबीचे खणणे चालूच होते. घर हलले नाही, चोच पिल्लांपर्यंत पोचली नाही. बगळा उपाशीच उडून गेला. मासोळीने पिल्ले मोजायला घेतली. ती इतकी होती की मोजता मोजता ती तीनदा चुकली.

तात्पर्य : आपले काम जो पाडू शकेल, त्यालाच ते आधी पाडायला सांगावे, मग त्यात खुशाल राहावे.