तपासणीच्या दिवशी रडणारी बाई

फार पूर्वी, सात डोंगरांपलीकडच्या एका राज्यात, राजाला एक गोष्ट कळली होती जी पुष्कळ शहाण्यांना कळत नाही. हाड मोडलं तर ते दिसतं. पण माणूस आतून मोडला तर तो भाकरी थापतो, गुरं सोडतो, हसून दाखवतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून राजानं ठरवलं, अंगाच्या दुखण्याला जसा वैद्य असतो, तसा मनाच्या दुखण्याला मनवैद्य पाहिजे.

पण कुणीही उठून मनवैद्य होऊन चालणार नव्हतं. आधीच मोडलेल्या माणसाला चुकीचा हात लागला तर तो आणखी मोडतो. म्हणून पाठशाळा निघाली. तिथं तीन वर्षं शिकायचं, आणि त्या तीन वर्षांत दोनशे खऱ्या दुखणेकऱ्यांसमोर बसायचं, शेजारी एक जाणता मनवैद्य घेऊन. पाठशाळा नीट शिकवते की नाही हे बघायला पाच थोर मनवैद्यांचं मंडळ नेमलं. दर दोन वर्षांनी मंडळानं यायचं, तपासायचं, आणि पाचही जणांनी सही केली तरच शिक्का द्यायचा. शिक्का असलेल्या पाठशाळेतून जो बाहेर पडायचा, त्याच्या दारात लोक बिनघोर जायचे.

नियम सोन्यासारखा होता. पाळणारे कसे होते ते आता ऐका.

पाठशाळेचे आचार्य हुशार. त्यांच्या लक्षात आलं की खरे दुखणेकरी फार अडचणीचे असतात. वेळेवर येत नाहीत. आले तर बोलत नाहीत. बोलले तर शिव्या देतात, नाहीतर मध्येच उठून जातात. मग आचार्यांनी काम सोपं करून टाकलं. विद्यार्थ्यांनी एकमेकांसमोरच बसायचं. आज तू रड, मी ऐकतो. उद्या मी रडतो, तू ऐक. तीन वर्षांत व्हायच्या त्या दोनशे बैठका दोन महिन्यांत उरकायला लागल्या.

आणि मंडळ यायच्या दिवसासाठी होती पाठशाळेची स्वयंपाकीण. तिला सगळे अक्का म्हणायचे. पाठशाळेला लागूनच, मागच्या बाजूला तिचं घर होतं.

मंडळ यायचं ते मोठ्या थाटात. हातात लांबच लांब प्रश्नांचा कागद. चटया किती? फाटक्या किती? छप्पर गळतं का? पिण्याच्या पाण्याचे माठ झाकलेले आहेत का? आचार्यांच्या पदव्या कुठल्या? असे चौसष्ट प्रश्न. प्रश्न संपले की एका विद्यार्थ्यानं मंडळासमोर दुखणेकऱ्याशी बोलून दाखवायचं. मग चांगलं लुगडं नेसून अक्का येऊन बसायची आणि रडायला लागायची.

"माझा नवरा गेला हो."

नवरा तेव्हा मागच्या अंगणात लाकडं फोडत असायचा. तो बायकोला म्हणायचासुद्धा, "या वेळी मला जरा लवकर मार, मला बाजारात जायचंय."

विद्यार्थी पाठ केलेली तीन वाक्यं म्हणायचा. "मला तुमचं दुःख समजतं." मग, "असं सगळ्यांनाच होतं." आणि मग, "डोळे मिटा, मनात एक दिवा आणा." दिवा आला की अक्कानं पदरानं डोळे पुसायचे आणि म्हणायचं, "आता कसं हलकं वाटलं." मंडळाच्या माना डोलायच्या, सह्या व्हायच्या, शिक्का पडायचा, आणि मग सगळे जेवायला बसायचे. असं सहा वेळा झालं. अक्काला वाटायचं, नाटक आहे, त्यात कुणाचं काय जातंय.

सातव्या तपासणीच्या आधी तिची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. घरात आनंद, पण सगुणा काही आनंदात दिसेना. पोराकडे बघेना. ताट समोर ठेवलं की भिंतीकडे तोंड फिरवून पडायची. एकदा म्हणाली, "आई, याला दुसरी कुणीतरी आई बघ. मी कामाची नाही."

अक्का घाबरली. पण शिक्क्याचा मनवैद्य गावातच होता, मागच्या तपासणीला तिच्यासमोरच बसलेला, पहिल्या नंबरानं पास झालेला. ती लेकीला घेऊन त्याच्या दारात गेली.

त्यानं सगुणाला समोर बसवलं. "मला तुमचं दुःख समजतं," तो म्हणाला. सगुणा गप्प. "असं सगळ्यांनाच होतं." सगुणा गप्प. "डोळे मिटा, मनात एक दिवा आणा."

सगुणानं डोळे मिटलेच नाहीत. ती नुसती बघत राहिली.

त्यानं तिन्ही वाक्यं पुन्हा म्हटली, या वेळी जरा मोठ्यानं. तरी काही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. बरं न होणारं माणूस त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटी तो चिडला. "अक्का, ही मुद्दाम करतेय. कामाचा कंटाळा आहे तिला. लाड करू नका, आपोआप उठेल."

हे तो सगुणाच्या देखत म्हणाला. त्या दिवसापासून तिनं बोलणंच टाकलं. चार दिवसांनी सकाळी पोराला शेजारणीच्या दारात ठेवून ती नदीच्या वाटेला लागली. धुणं धुणाऱ्या बायकांना तिचा चेहरा बघूनच कळलं. दोघींनी दोन हात धरून तिला घरी आणलं.

अक्का लेकीच्या उशाशी बसली आणि तिला सगळं उमगलं. त्या मनवैद्य पोराला दुसऱ्याचं रडू कळणार कसं? त्यानं आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे अक्काचं, आणि ते तिसऱ्या वाक्याला थांबायचं. त्याला वाटलं, दुःख असंच असतं. हे त्याला शिकवलं कुणी? आचार्यांनी तर शिकवलंच. पण रडून कुणी दाखवलं?

तिला स्वतःचाच इतका राग आला की तिनं तपासणीचं ते लुगडं फाडून त्याची फडकी केली.

सातवी तपासणी आली. आचार्य स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "अक्का, तयार ना? जरा चांगलं रड, मंडळात एक नवीन बाई आहेत."

"रडेन की," अक्का म्हणाली.

नवीन बाई म्हणजे एक म्हातारी मनवैद्य. चाळीस वर्षं ती खेड्यापाड्यांत लोकांच्या ओट्यांवर बसून त्यांचं ऐकत आली होती. मंडळातल्या एका सभासदानं म्हातारपणानं काम सोडलं म्हणून राजानं तिला घेतलं. तिला त्या चौसष्ट प्रश्नांचा कंटाळा आला होता हे तिच्या जांभयांवरून दिसतच होतं.

अक्का नेहमीच्या जागी बसली. अंगावर रोजचंच लुगडं. समोर एक विद्यार्थी बसला आणि त्यानं सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. अक्का रडतच राहिली. आचार्य खाकरले. विद्यार्थ्यानं पुन्हा दिवा आणायला सांगितलं.

"नाही येत दिवा," अक्का म्हणाली. "माझी लेक मागच्या खोलीत पडलीय. ती जेवत नाही, बोलत नाही. पाच दिवसांपूर्वी नदीकडे निघाली होती. सांग बाबा, मी काय करू?"

विद्यार्थी आचार्यांकडे बघायला लागला. आचार्य म्हणाले, "हे आज ठरलेलं नव्हतं."

"दुःख ठरवून येतं का कुणाच्या घरी?" अक्का म्हणाली आणि मंडळाकडे वळली. "सहा वेळा रडले मी तुमच्यासमोर. माझा नवरा सहा वेळा मेला आणि सहाही वेळा लाकडं फोडत होता. तुम्ही एवढे मोठे मनवैद्य, एकाला तरी कळलं का हो, की ही बाई खोटं रडतेय? खोटं रडू ओळखता येत नाही, तर खरं काय ओळखणार?"

मंडळप्रमुखांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "बाई, आम्ही कागदाप्रमाणे तपासतो. कागदावर हा प्रश्न नाही."

"माठ झाकलाय का हा आहे, आणि माणूस बरं झालं का हा नाही? कागद कुणी लिहिला मग? मी?"

तेव्हा म्हातारीनं विद्यार्थ्यांना विचारलं, "पोरांनो, शेवटचा खरा दुखणेकरी कधी भेटला रे तुम्हाला?"

एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, "आम्ही एकमेकांसमोर रडतो, आजी."

प्रमुखांनी बाकीच्यांशी कुजबुज केली. शिक्का नाकारायचा तर मागच्या सहाही सह्यांची लाज जाणार. त्यातून प्रधानाचा भाचा याच पाठशाळेत. ते घसा साफ करून म्हणाले, "शिक्का देऊ. खाली शेरा मारू, की पुढच्या वेळी सुधारणा करावी."

"शेरा माझ्या लेकीच्या उशाशी ठेवू का?" अक्का म्हणाली. "चला, तुम्हीच बसा तिच्यासमोर. पाच पावलांवर आहे."

प्रमुख उठले नाहीत. वीस वर्षं ते नुसती मंडळंच चालवत होते. दुखणेकऱ्यासमोर शेवटचं कधी बसलो हे त्यांना आठवत नव्हतं, आणि ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

म्हातारी उठली. मागच्या खोलीत गेली आणि सगुणाच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर बसली. काही बोलली नाही. नुसती बसून राहिली. बाहेर प्रमुखांचं ताट वाढून गार झालं. मग आतून सगुणाचा आवाज आला, अगदी बारीक.

"पोर रडलं की मला त्याचा राग येतो. अशी आई असते का कुठं?"

म्हातारी दचकली नाही, रागावली नाही, दिवाही आणायला सांगितला नाही. म्हणाली, "येतो राग. आणखी काय काय येतं मनात, ते सांग. मला घाई नाही."

मग सगुणा बोलत राहिली. दाराबाहेर विद्यार्थी उभे होते. खरं दुखणं आणि खरं ऐकणं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती खाली मान घालणारी मुलगी रडत होती, आणि तिला कुणी रडायला सांगितलं नव्हतं.

म्हातारी बाहेर आली तेव्हा सहीचा कागद तिच्यापुढे ठेवला गेला. चार सह्या झालेल्या होत्या.

"मी सही करत नाही," ती म्हणाली.

"अहो, एका सहीवाचून पाठशाळा बंद पडेल," प्रमुख म्हणाले.

"पडू दे. सही केली तर किती घरं बंद पडतील?"

शिक्का मिळाला नाही. गोष्ट राजापर्यंत गेली. आचार्यांना काढलं. सही करणाऱ्या चौघांना मंडळातून उठवलं, आणि हुकूम काढला की मंडळात बसणाऱ्यानं दर आठवड्याला एका तरी दुखणेकऱ्यासमोर बसलंच पाहिजे, नाहीतर त्याची सही चालणार नाही. बाहेर पडलेल्या सगळ्या शिक्क्यांच्या मनवैद्यांना परत बोलावलं. पहिल्या नंबरचा तोही आला आणि जाणत्या माणसाच्या शेजारी गप्प बसून ऐकायला शिकू लागला. पाठशाळा वर्षभरानं उघडली, ती प्रत्येकानं दोनशे खऱ्या दुखणेकऱ्यांसमोर बसायचं या अटीवरच.

अक्काची नोकरी त्याच दिवशी गेली होती. तिला त्याचं काही वाटलं नाही.

म्हातारी तीन महिने रोज सगुणाकडे यायची. लगेच काही झालं नाही. आधी ती जेवायला लागली, मग अंगणात येऊन बसायला लागली. एका दुपारी अक्का पोराला न्हाऊ घालत होती. सगुणा जवळ आली, पाट ओढून बसली आणि पोराचा ओला पाय हातात धरून म्हणाली, "आई, याचं नाव काय ठेवलं गं तुम्ही?"

तात्पर्य हेच, की जो मोडलेल्या माणसाजवळ कधी बसलाच नाही, त्यानं ते काम दुसऱ्याला येतं म्हणून सही करू नये; आणि अशा सहीवर विश्वास ठेवायच्या आधी आपण विचारावं, तुम्ही शेवटचं कुणाचं ऐकलंत?