पाखरीचा डोह

चिंचढोकच्या चैत्री जत्रेत बिरोबाचा घोडा मिरवतो, पण त्याच्या पाठीवर ना झूल, ना खोगीर, कपाळाला साधा गोंडासुद्धा नाही. पाहुणे थट्टेने विचारतात, "देव गरीब झाला का तुमचा?" मग जाणती माणसे त्यांना नदीवरचा पाखरीचा डोह दाखवतात. पाखर म्हणजे घोड्याचे चिलखत.

पादशाही काळात इथल्या ठाण्यावर अस्लानखान नावाचा रूमी, म्हणजे तुर्की, सरदार होता, असे सांगतात. पाखर त्याने थेट तुर्कांच्या मुलखातून आणलेली. पोलादी पत्रे कड्यांनी जोडलेले. घोड्याची मान, छाती, पुठ्ठे, सगळे झाकलेले. ती मिरवायला तो भर रस्त्यातून घोडा फेकायचा. एकदा मायाप्पा सनगर मेंढरे बाजूला घेत होता, तो टापांखाली आला आणि जागीच गेला. त्याची बायको धुरपा धावत आली. सरदार खाली उतरला, पण मायाप्पाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. पाखरीवर बोट फिरवून म्हणाला, "रक्ताने लोखंड गंजते. पुसून घ्या."

धुरपा रडली नाही म्हणे. ते शब्द तिने काळजात जपून ठेवले.

पाखरीखालचे लोकरीचे अस्तर रक्ताने नासले होते. लोकर भिजवून, मळून तिचे धुरपासारखे घट्ट कापड पंचक्रोशीत कोणी करत नसे, तेव्हा नव्या अस्तराचे फर्मान तिच्याच दारी आले. काय म्हणावे या निलाजरेपणाला!

दीर म्हणाला, "वैनी, थुका त्या कामावर."

"नाय भावजी," धुरपा म्हणाली, "सावज आपल्या पायानं दारात आलंय."

हातांना मेंढीची चरबी चोपडून तिने अस्तरात खाजकुयलीची कुसे भरली आणि वरून पातळ लोकर मळली.

चैत्राच्या उन्हात सरदार जत्रेत मिरवायला निघाला. लोखंड तापले, घोड्याला घाम फुटला आणि कुसे अंगाला भिडली. घोडा पिसाळला. पाखरीचे वीस बंद, ते सोडणार कोण? कातळावरून तो सरदारासकट डोहात कोसळला आणि त्या ओझ्याने दोघेही तळाशी गेले.

"आता गंज म्हणावं!" धुरपा काठावरून ओरडली. "कोण पुसतंय बघते!"

सरदाराचे तिला कधी काही वाटले नाही. पण घोड्याची ती किंकाळी तिला मरेपर्यंत झोपू देईना. त्या मुक्या जिवाने तिचे काय वाकडे केले होते?

आजही जत्रेत घोडा डोहापाशी थांबतो. सनगरांची थोरली सून पुढे होते आणि दोन्ही हातांनी त्याची मान, पाठ, पोट खाजवत राहते, घोडा सुखाने मान खाली सोडीपर्यंत. मग ती पदर खोचून एक धोंडा उचलते आणि डोहात फेकते. तो सरदाराचा.