अनुभवाची अट

विषय : कनिष्ठ अभियंता पदासाठीच्या अर्जाबाबत.

उपरोक्त विषयी नमूद करण्यात येते, की कु. केतकी हिवराळे स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन तीन वर्षे घरीच आहेत. गावात कुठे पाण्याची टाकी बांधायला घेतली, की त्या तासभर तिथे उभ्या राहून सळया मोजतात. मोजायला त्यांना कोणी सांगितलेले नसते.

यंदा नगरपरिषदेत एकच जागा निघाली. मुलाखतीत मुख्याधिकारी पाठराबे साहेबांनी त्यांची फाईल न उघडताच परत सरकवली.

"पदवी काय, आता घरटी एक आहे, ताई. अनुभव किती?"

फाईल टेबलावरून खाली पडली. केतकी उचलायला वाकल्या आणि क्षणभर तिथेच थांबल्या.

"एक वर्ष, साहेब."

"कुठला?"

"इथलाच. तुमच्या टेबलाच्या आखूड पायाखाली घडी घालून ठेवलेला कागद म्हणजे माझा गेल्या वर्षीचा अर्ज. वर्षभर तुमच्या कारभाराचा भार त्यानेच पेललाय. हलवून बघा, टेबल अजून डुगडुगत नाही."

शिपाई तोंड फिरवून हसला. साहेबांनी स्वतः वाकून अर्ज काढला, झटकला आणि त्यावर 'विचार व्हावा' असा शेरा मारला.

त्याला आठ महिने झाले. केतकी दर सोमवारी येऊन विचारून जातात. दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.