वाटी बुडायच्या आत

ही गोष्ट जुनी आहे. तेव्हा राजे होते, आणि ऐकायला त्यांच्याकडे वेळ थोडा होता. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका राज्याच्या मधून नदी वाहत होती. अलीकडे राजवाडा, बाजार आणि राजाने बांधलेली औषधशाळा. पलीकडे गावं, शेतं आणि गवताची कुरणं. औषधशाळेतले वैद्य जाणते होते, औषधं ताजी होती, आणि कोणाकडून काही घेतलं जात नव्हतं. तरी दर पावसाळ्यात पलीकडे जुलाबाची साथ येई आणि पोरं दगावत. राजाला कळेना, इतकं करून ठेवलं तरी ही माणसं औषधाला येत का नाहीत.

त्याने एका म्हाताऱ्या वैद्याला बोलावलं. या वैद्याची एकुलती एक लेक पलीकडच्याच गावात दिलेली होती.

"वैद्यबुवा," राजा म्हणाला, "हे का होतं ते शोधून या."

वैद्य गेला. घरोघर फिरला. ओट्यावर बसला, चुलीपाशी बसला. आयांचं ऐकलं, नावाड्याचं ऐकलं. एकाने काही सांगितलं की दुसऱ्याला विचारी, आणि मग स्वतः जाऊन बघे. ऐकीव गोष्टीवर त्याने कधी भरवसा ठेवला नाही. अशी काही वर्षं गेली. वहाणा झिजल्या, दाढी आणखी पांढरी झाली, पण कारण सापडलं.

कारण साधं होतं. नदीवर नाव एकच. सकाळी ती राजवाड्याच्या घोड्यांसाठी चारा वाही. माणसांची पाळी दुपारनंतर. आणि औषधशाळेचं दार दुपारीच लागे, कारण पुढचा वेळ वैद्य औषधं कुटत. आजारी पोर कडेवर घेऊन आई धापा टाकत पोचे, तेव्हा दाराला कडी. एकदा अशी परत गेलेली आई पुन्हा येत नसे. शेजारणीलाही येऊ देत नसे.

आता दोन रीती सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

वैद्याच्या घराण्याची रीत अशी, की आधी सगळी लक्षणं सांगायची, मग निदान, आणि उपाय अगदी शेवटी. अर्धवट ऐकून उपाय करणारा घात करतो, असं त्याचे वडील म्हणत. ते खोटं नव्हतं.

दरबाराची रीत अशी, की तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की बोलणाऱ्याने गप्प बसायचं. मग तो कोणीही असो.

वैद्य दरबारात उभा राहिला. वाटी सोडली. त्याने घसा साफ केला आणि पहिल्या गावापासून सुरुवात केली. विहीर कुठे आहे, पाणी कसं आहे, पोरांची जीभ कशी पांढरी पडते, डोळे कसे खोल जातात. सगळं खरं होतं. सगळं नीट क्रमाने होतं. सरदारांनी जांभया दिल्या. प्रधान वाटीकडे बघत बसला. वैद्य तिसऱ्या गावाच्या विहिरीपाशी पोचला आणि वाटी बुडाली.

राजा भला होता. म्हणाला, "फार कष्ट घेतलेत, वैद्यबुवा. पलीकडे रोगी फार आहेत, एवढं मला कळलं. म्हणजे आपली औषधशाळा लहान पडते. लाकूड आणवतो आणि ती दुप्पट करतो."

वैद्याने तोंड उघडलं. पण वाटी बुडाली होती. राजाने त्याच्या खांद्यावर जरीची शाल घातली.

खरं सांगायचं तर शाल वैद्याला आवडली. ती पांघरूनच तो लेकीकडे निघाला.

लेक अंगणात दळण पाखडत होती. तिने बापाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आबा, नवरदेव दिसताय. बसा. आणि नाव कधीपासून सुटणार?"

"कसली नाव?"

"सकाळची. मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात ना, सगळं दुखणं त्या नावेत आहे म्हणून. राजाला सांगितलंत ना?"

वैद्य शालीचं टोक चाचपत म्हणाला, "तिथपर्यंत पोचलो नाही."

"मग कुठपर्यंत पोचलात?"

"तिसऱ्या विहिरीपर्यंत."

लेक हसली. मग हसू थांबवून तिने शेजारच्या घराकडे पाहिलं. वैद्यानेही पाहिलं. तिथे आढ्याला पाळण्याची दोरी लोंबत होती. पाळणा नव्हता. मागच्या वेळी तो होता, आणि त्यात हातपाय झाडणारं पोर होतं. मधल्या साथीत त्याची आई पोराला घेऊन नदीवर बसली होती, चाऱ्याची नाव रिकामी व्हायची वाट बघत.

वैद्याने शाल काढली आणि घडी घालून ठेवली. त्या दिवशी तो नीट जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीच्या धाकटीला, ठकीला, जुलाब लागले. पोर दुपारपर्यंत चिंधीसारखी झाली. सासू म्हणाली, "पाणी बंद करा हिचं. पाणी दिलं की आणखी वाहतं." शेजारणी जमल्या. कोणी हो म्हणे, कोणी नाही.

लेकीने ठकीला मांडीवर घेतलं आणि बापाकडे वळली. "आबा, काय करू?"

वैद्य जवळ बसला. "हे बघ, जुलाब दोन जातींचे. पहिल्यात जीभ पांढरी पडते. दुसऱ्यात..."

"आबा." लेकीचा आवाज चढला नाही. "पाणी पाजू की नको? तेवढं सांगा."

घराण्याच्या रीतीत उपाय अजून फार लांब होता. मग त्याने नातीच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"पाज," तो म्हणाला. "उकळून निववलेलं. चिमूटभर मीठ, थोडा गूळ. चमच्याने, थांबत थांबत. ओकली तरी पाज."

लेक केव्हाच उठली होती.

पाणी पोटात जाऊ लागलं तेव्हा सासूने विचारलं, "पण व्याही, पाण्याने वाढणार नाही का हो?" मग वैद्याने सांगितलं. जितकं जातं तितकं भरावं लागतं, पोराचं अंग म्हणजे बांध फुटून पाणी वाहून चाललेलं शेत आहे. जीभ सांगितली, डोळे सांगितले, कातडी चिमटीत धरून दाखवली. बायका सरकून जवळ आल्या. तीच लक्षणं, तोच सांगणारा. पण इथे कोणी जांभई दिली नाही.

वैद्याच्या ते ध्यानात आलं.

सांजेला ठकीने डोळे उघडले आणि पेज मागितली. मग आजोबाची दाढी ओढली. वैद्याने ओढू दिली.

"रोगी समोर आला की मी आधी विचारतो, काय होतंय," तो लेकीला म्हणाला. "राजाला मी विचारलंच नाही, तुम्हाला काय ठरवायचं आहे म्हणून. माझंच सांगत बसलो."

"मग आता जा आणि विचारा," लेक म्हणाली. "पण जेवून जा. काल ताटात टाकलंत. मी पाहिलं."

वैद्य नदी उतरून आला तेव्हा औषधशाळेसमोर लाकडाचा ढीग पडला होता. सुतार फळ्यांवर सूत धरून खुणा करत होते. राजा स्वतः उभा राहून बघत होता, प्रधान त्याच्या शेजारी.

"महाराज, एकच विचारतो. या लाकडाचं काय करायचं, ते पक्कं ठरलं की अजून फिरवता येईल?"

"करवत लागेपर्यंत फिरवता येईल," राजा म्हणाला. "का?"

"मग मला एक वाटी द्या."

प्रधान रीतीचा पक्का. त्याने तिथेच घंगाळ आणवलं आणि वाटी सोडली.

"औषधशाळा वाढवू नका," वैद्य म्हणाला. "या लाकडाची नाव करा. सकाळी ती पैलतीरी ठेवा, फक्त आजाऱ्यांसाठी."

एवढं बोलून तो थांबला. वाटीत अजून घोटभर पाणीही शिरलं नव्हतं.

सुतारांनी सूत खाली ठेवलं. राजा म्हणाला, "का?"

"कारण तुमची माणसं येतात, महाराज. दार लागल्यावर येतात. सकाळी नावेत तुमच्या घोड्यांचा चारा असतो."

राजाने पैलतीराकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या घोड्यांचा चारा माझ्या लेकरांच्या आधी नदी उतरतो, आणि मला ठाऊक नाही. चारा आजपासून बंद करतो."

"नका करू. घोडे उपाशी राहिले तर तुमचे सरदारच चार दिवसांत चारा पुन्हा सुरू करतील. नाव वेगळी असू द्या. ती टिकेल."

प्रधानाने भुवया चढवल्या. "आणि नाव केली, आणि ती रिकामी फिरली तर? मग लाकूडही गेलं आणि औषधशाळेची वाढही."

"डोंगराकडच्या गावांतून कोणी येणार नाही," वैद्य म्हणाला. "त्यांना नदीच लांब आहे. त्यांच्यासाठी काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळलं नसताना सांगणार नाही. पण काठाच्या गावांचं मी घरोघर विचारून सांगतो आहे. तिथून येतील."

तेवढ्यात वाटी बुडाली. वैद्य गप्प झाला.

राजा वाकला. त्याने स्वतःच्या हाताने वाटी बाहेर काढली, उपडी करून रिकामी केली आणि पुन्हा पाण्यावर सोडली.

"बसा वैद्यबुवा," तो म्हणाला. "आता पहिल्या गावापासून सांगा. विहिरी पण सांगा."

त्या दिवशी राजाने ती वाटी किती वेळा रिकामी केली, ते प्रधानानेही मोजलं नाही.

पावसाळ्याआधी नाव पाण्यात पडली. पाऊस आला, साथही आली, दरवर्षी येते तशी. पण या वेळी आया पोचल्या तेव्हा दार उघडं होतं. काही पोरं तरीही गेली. बरीच घरी आली. शेजारच्या घरात पुढे पुन्हा पाळणा टांगला गेला आणि रिकामा झाला नाही.

नावेच्या पहिल्या खेपेला वैद्य जातीने गेला. फळ्या ओल्या होत्या. त्याने जरीची शाल झटकली आणि पोरांना निजवायला खाली अंथरली. पुढे ती तिथेच राहिली. लेक ती नदीवर धुई आणि पुन्हा नावेत टाकी. जरतार गेली, रंग गेला.

दरबारात कोणी विचारलं, "वैद्यबुवा, शाल कुठे?" तर तो म्हणे, "कामाला लागली."

बोध एवढाच: शोधलेलं खरं, ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्या हाती, निर्णयाच्या आधी आणि त्याला वापरता येईल असं द्यावं, नाहीतर ते खरं असूनही कोणाच्या कामी येत नाही.