सर्वानुमते, एक सोडून

फार पूर्वी, राजे लोक गावोगावच्या तळ्यांचीही विचारपूस करत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका गावाचं तळं वर्षागणिक लहान होऊ लागलं. राजाने राजधानीतल्या एका पंडितेला तिकडे पाठवलं. म्हणाला, "तळ्यासाठी नियम करा, पण गावाच्या संमतीने. मुदतीत काम झालं, तर नव्या विद्यालयाच्या आचार्य तुम्हीच."

पंडिता मनाने चांगली होती. हुशारही होती आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं, एवढीच काय ती अडचण. तिने तळ्याला तीन फेऱ्या मारल्या, पोथ्या चाळल्या आणि निदान करून टाकलं. काठावर माजलेलं पाणकणसाचं उंच गवत तळं गिळतंय, ते मुळासकट काढायचं!

चावडीवर सभा भरली. पंडितेने तासभर झकास समजावून सांगितलं. पाटलांनी मान डोलावली, म्हणून बाकीच्यांनीही डोलावली. "कोणाची हरकत?" तिने विचारलं. कोणी काही बोललं नाही. दाराशी पाणकणसाच्या चटया विणणारी एक बाई बसली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. लोक उठले तशी तीही उठून घरी गेली. पंडितेने कागदावर झोकात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

दुसऱ्या दिवशी गावकरी विळे-कुदळी घेऊन तळ्यावर जमले. कागद न्यायला राजाचा घोडेस्वारही आला होता. पहिला विळा पडणार, तोच चटईवाली धावत आली, कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि दोन्ही हात पसरून पाणकणसापुढे उभी राहिली.

"ए मुके, हो बाजूला!" पाटील ओरडले. मग पंडितेला म्हणाले, "बाई, तुम्ही नका लक्ष देऊ. चटयांचं गवत जाणार म्हणून रडतेय झालं."

पंडिताही वैतागलीच होती. पण तिने त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर तिथे रडू नव्हतंच. राग होता. जीव तोडून शिकवावं आणि समोरच्याच्या डोक्यात शिरू नये, तेव्हा येतो तसला राग. पंडितेच्या तो चांगला ओळखीचा होता. तिने पदर खोचला आणि पाण्यात उतरली.

चटईवालीने पाणी भरायला आलेल्या बायकांकडून दोन लोटे मागून घेतले. एक भरला ओढा तळ्याला मिळतो तिथे, पाणकणसाच्या अलीकडे. पाणी चहासारखं गढूळ. दुसरा भरला पाणकणसाच्या पलीकडे. त्या लोट्याचा तळ लख्ख दिसत होता. मग तिने एक दांडा उपटून दाखवला. त्याला माशांची अंडी चिकटलेली होती, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. शेवटी काठावरच्या चिखलात तिने बोटाने पट्टे ओढले आणि खूण केली, हा कापायचा, हा ठेवायचा, हा कापायचा, हा ठेवायचा.

पंडिता बघतच राहिली. ही बाई वर्षानुवर्षं असंच कापत आली होती. पाणकणीस माजलं होतं ते तिचा हात न पोचलेल्या बाजूला. आणि ते सगळंच काढलं असतं, तर ओढ्याचा गाळ थेट तळ्यात जाऊन बसला असता.

"बाई, कागद द्या," घोडेस्वार म्हणाला. "मुदत आजचीच आहे. नाहीतर आचार्यपद दुसऱ्याला जाईल."

पंडितेला मोह झाला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. त्या पदासाठी तिने उभी हयात घालवली होती. कागद दिला असता, तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण तिने लेखणी घेतली आणि 'सर्वानुमते' या शब्दावर काट मारली. "राजांना सांगा, सभा अजून संपलेली नाही. चूक माझी आहे. एका बाईला मी विचारलंच नाही."

सभा पुन्हा भरली, या वेळी काठावर, चिखलात. हातवाऱ्यांनी बोलणं झालं, भांडणंही झाली. एक पट्टा कापायचा, एक राखायचा, असं ठरलं. अंगठे घेताना पंडितेने विचारलं, "यांचं नाव काय?"

गाव एकमेकांकडे बघू लागलं. शेवटी एका म्हाताऱ्या सुईणीला आठवलं. "गोजरा. आईनं हौसेनं ठेवलं होतं."

पाटलांनी मान खाली घातली. त्या दिवसापासून गावात चटईवालीला सगळे गोजराबाई म्हणू लागले.

आचार्यपद दुसऱ्याला गेलं. पंडितेला वाईट वाटलं, चांगलं महिनाभर वाटलं. मग तिने तळ्याकाठीच शाळा काढली. गोजराबाई हातांनी पाणी, गाळ, मासे शिकवायच्या आणि पंडिता मुलांच्या शेजारी बसून शिकायची. ऐकू न येणारी, न दिसणारी, अंगठेबहाद्दर, सगळीच तिथे येऊ लागली.

तिसऱ्या उन्हाळ्यात आसपासची तळी आटली. हे मात्र भरलेलं राहिलं. राजाने निरोप धाडला, "पंडिताबाई, राजधानीत या. आचार्यपद तुमचंच."

पंडितेने उत्तर पाठवलं, "महाराज, आचार्य इथे आहेत. भेटायचं असेल तर तुम्हीच या. आणि जोडे काठावर काढून ठेवा, वर्ग पाण्यात भरतो."

राजा आला. आणि चिखलात बसला.

तात्पर्य एवढंच, की सगळ्यांचं मत घेतलं असं लिहिण्याआधी, गप्प कोण आहे आणि का, हे उठून बघून यावं.