हत्तीचा डोळा

शिवणाच्या डब्यातल्या वस्तू एकमेकींशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. सगुणा आपल्या आठ महिन्यांच्या लेकीसाठी, चिमीसाठी, जुन्या लुगड्याचा हत्ती शिवत होती. कापूस भरून झाला, सोंडही वळली. राहिले फक्त डोळे.

डब्यातले लाल काचेचे बटण पुढे सरसावले. "डोळा मीच होणार! किती वर्षं वाट पाहिली मी."

"चिमीला दात येताहेत," काळा दोरा म्हणाला. "हाती येईल ते ती तोंडात घालते. तिनं ओढलं आणि मी तुटलो, तर तू तिच्या घशात अडकशील."

"तू कच्चा, म्हणून मी डब्यात पडून राहू?" बटण चिडले.

दोरा शरमला. "कच्चा आहे खरा. म्हणूनच सांगतोय."

तेवढ्यात सगुणाने बटण उचलले. वरून त्याला चिमी दिसली. आईच्या पदराचे टोक ती मन लावून चघळत होती. बटणाला गलबलून आले. ते चिमटीतून निसटून डब्यात पडले. सगुणाने पुन्हा उचलले, ते पुन्हा निसटले.

सगुणा थबकली. तिने लेकीकडे पाहिले. "अगं बाई! हे हिनं गिळलं असतं तर?"

मग तिने काळ्या दोऱ्यानेच टाके घालून डोळे भरले. चिमीने हत्ती ओढून घेतला आणि पहिल्यांदा डोळाच तोंडात घातला.

बऱ्याच वेळाने डब्यातून बटणाने हळूच विचारले, "डोळा टिकला का रे?"

"टिकला," हत्तीच्या डोळ्यातून दोरा हसला. "नुसता चिंब भिजलाय."